गाडीची चावी हरवली किंवा चोरीला गेली : पूर्ण लॉकसेट बदलण्याआधी हे करून बघा

चावी हरवली म्हणून सर्व्हिस सेंटरला फोन केला की पलीकडून बहुतेक वेळा ठरलेलं उत्तर येतं. लॉकसेट (म्हणजे इग्निशन, दारं, डिकी अशी सगळी लॉक) बदलावा लागेल, इमोबिलायझर (म्हणजे नोंदलेली चावी नसेल तर इंजिन चालू न देणारी यंत्रणा) बदलावा लागेल, काही गाड्यांत ईसीएम, म्हणजे इंजिनचा संगणकसुद्धा. अंदाजपत्रक वीस-पंचवीस हजारांच्या घरात, मोठ्या गाडीला त्याहून वर, आणि माल यायला आठ-पंधरा दिवस. आठ-दहा वर्षं वापरलेल्या ऑल्टो किंवा आय-टेनच्या मालकाने एवढे पैसे आणायचे कुठून? गाडी दारात उभी, चाक हलत नाही, आणि कुणीतरी सांगितलं म्हणून माणूस तो खर्च करून मोकळा होतो.

बहुतेकांना एवढा खर्च करायची गरज नसते. हरवलेल्या चावीची ओळख गाडीच्या स्मृतीतून पुसता येते, आणि त्यासाठी लॉकला हातही लावावा लागत नाही. लॉक बदलायचीच वेळ आली तरी आहे त्याच लॉकच्या आतल्या पत्त्या, म्हणजे धातूच्या पातळ पट्ट्या, बदलून काम भागतं. पण याच्या उलट चूकही सर्रास होते. नवी डुप्लिकेट करून घेतली, गाडी सुरू झाली, आता काळजी नाही असं धरून चालतात. हरवलेली चावी मात्र ज्याच्या हातात असेल त्याच्याकडे पूर्वीसारखीच चालत राहते. म्हणून पैसे नेमके कुठे घालायचे हे आधी समजून घ्यावं.

चावीत तीन वेगळ्या गोष्टी असतात

पहिली गोष्ट म्हणजे धातूचं पातं. त्याच्या खाचा लॉकमधल्या पत्त्यांना बरोबर उंचीवर आणतात आणि लॉक फिरतं. दुसरी गोष्ट चिप. ही चावीच्या प्लास्टिकच्या डोक्यात असते आणि तिला बॅटरी लागत नाही. इग्निशन लॉकभोवती तांब्याच्या तारेची एक कॉइल असते. चावी घालून फिरवली की ही कॉइल साधारण १२५ किलोहर्ट्झच्या लहरींनी चिपला जागं करते, चिप आपली ओळख सांगते, आणि ती गाडीच्या स्मृतीत नोंदलेली असेल तरच इंजिन चालू राहतं. तिसरी गोष्ट रिमोट. याला बॅटरी लागते, आणि याचं काम फक्त दारं उघडणं-लावणं. बटण दाबून सुरू होणाऱ्या गाड्यांत या तिन्ही गोष्टी एकाच डबीत बसवलेल्या असतात. पातंसुद्धा तिच्या पोटात लपवलेलं असतं.

युरोपात ऑक्टोबर १९९८ पासून नव्या मोटारींना इमोबिलायझर सक्तीचा झाला. आपल्याकडे तो त्यानंतरच्या वर्षांत हळूहळू आला. जुनी मारुती ८००, ओम्नी आणि त्या काळातल्या बऱ्याच गाड्यांच्या चावीत चिप नसते. मारुतीच्या पुढच्या गाड्यांच्या काचेवर 'आयकॅट्स' असा स्टिकर असतो, तो असेल तर चिप आहे असं समजा. डॅशबोर्डवर गाडी-कुलपाचं किंवा चावीचं चिन्ह लुकलुकत असेल तरी तेच. चावी घालून फिरवायची गाडी असेल आणि तरीही खात्री नसेल, तर उरलेल्या चावीचं डोकं स्वयंपाकघरातल्या ॲल्युमिनियम फॉइलमध्ये घट्ट गुंडाळा आणि गाडी सुरू करून बघा. इंजिन पेट घेत नसेल किंवा पेटून लगेच बंद पडत असेल, तर चावीत चिप आहे.

हे ओळखणं महत्त्वाचं, कारण चिप नसलेल्या गाडीला हरवलेल्या चावीने दारही उघडतं आणि इंजिनही सुरू होतं. तिथे पत्त्या बदलणं किंवा लॉकसेट घालणं हाच उपाय. चिप असलेल्या गाडीत मात्र चिपची नोंद पुसली की त्या चावीने फार तर दार उघडेल, गाडी सुरू होणार नाही.

हरवली की चोरीला गेली?

आधी गाडीलाच विचारा. बटणावर सुरू होणारी गाडी असेल तर दाराच्या हँडलवरचं छोटं बटण दाबा. दार उघडलं तर चावी तुमच्या आसपास हातभर अंतरावर किंवा गाडीतच आहे. आत बसून स्टार्टचं बटण दाबा. चावी सापडत नसल्याचा संदेश आला नाही तर ती सीटखाली, सीटच्या रुळात, मधल्या कन्सोलच्या फटीत किंवा मागच्या पिशवीत पडलेली असते. डिकी बंद करताना चावी आतच राहून गेल्याची प्रकरणं तर नेहमीचीच. साध्या चावीला ही सोय नाही. तिथे कालपासूनचा रस्ता उलटा आठवणं आणि इस्त्रीला दिलेल्या कपड्यांचे खिसे तपासणं एवढंच हातात असतं.

शोधूनही मिळाली नाही तर एकच प्रश्न स्वतःला विचारा : ज्याच्या हाती चावी पडली, त्याला माझी गाडी कुठे उभी असते हे कळू शकतं का? लग्नाच्या गर्दीत नुसती चावी पडली, तिच्यावर ना नंबर ना नाव, तर धोका कमी. पर्स किंवा बॅगच गेली आणि तिच्यात आरसी, लायसन्स, आधार होतं, तर चावी आणि पत्ता दोन्ही एकाच माणसाकडे गेले. सोसायटीच्या आवारात, ऑफिसात किंवा गाडी धुणाऱ्याकडून चावी नाहीशी झाली असेल तर धोका सगळ्यात जास्त, कारण त्या माणसाला गाडी रोज दिसते. पहिल्या प्रकारात दोन दिवस थांबून स्वस्त उपाय शोधता येतो. बाकीच्या दोन प्रकारांत त्याच दिवशी हालचाल करावी.

चोरीचा संशय असेल तर पहिले काही तास

गाडीच्या रिंगला घराची किल्ली असेल तर सगळ्यात आधी घराचं लॅच बदला. गाडीपेक्षा घर मोठं, आणि लॅचचा सिलिंडर बदलायला चावीवाल्याला फार वेळ लागत नाही.

दुसरी चावी असेल तर गाडी नेहमीच्या जागेवरून हलवा, शक्यतो नातेवाइकांच्या बंद आवारात. चावी नसेल आणि दार उघडं असेल किंवा उघडून घेता आलं, तर बॉनेट उघडून बॅटरीची ऋण बाजू सोडा, नाहीतर फ्यूजच्या डब्यातला फ्युएल पंपाचा फ्यूज किंवा रिले काढून खिशात ठेवा. कुठला ते डब्याच्या झाकणावर छापलेलं असतं. फ्यूज काढला की खरी चावी असलेल्यालाही गाडी सुरू करता येत नाही. दारच उघडत नसेल तर पुढे-मागे दुसऱ्या गाड्या टेकवून उभ्या करा. गिअर लॉक बसवून घेणंही चांगलं. थोड्या पैशांत बसतं आणि पुढे कायम उपयोगी पडतं.

मग पोलीस. मुंबई आणि पुणे पोलिसांच्या संकेतस्थळांवर हरवलेल्या वस्तूंची नोंद ऑनलाइन करता येते. हरवलं असेल तर ती पुरेशी. पण बॅगेतून चोरी झाली असेल, काच फोडली असेल किंवा कुणी हिसकावून नेली असेल, तर 'हरवली' अशी नोंद करू नका. ठाण्यात कधीकधी तेच सोपं म्हणून सुचवलं जातं आणि घाईत माणूस हो म्हणतो. पुढे विमा कंपनीपुढे तोच कागद आपल्याला नडतो. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत चोरी कलम ३०३ मध्ये आणि हिसकावून नेणं कलम ३०४ मध्ये येतं. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे गुन्हा कुठल्याही हद्दीत घडला असला तरी कुठल्याही ठाण्यात तक्रार नोंदवता येते आणि एफआयआरची प्रत फिर्यादीला फुकट मिळते. तक्रारीत गाडीचा नंबर, चेसिस नंबर आणि 'एक चावी रिमोटसह' किंवा 'दोन्ही चाव्या' असं स्पष्ट लिहून घ्या.

कागद गेले असतील तर घाबरू नका. डिजिलॉकर किंवा एमपरिवहनमधली आरसी आणि लायसन्स रस्त्यावर दाखवायला चालतात. चावीवाल्याला आणि शोरूमला मालकी पटवून द्यायलाही त्यांचा उपयोग होतो. डुप्लिकेट आरसीसाठी नमुना २६ भरायचा, डुप्लिकेट लायसन्ससाठी वेगळा अर्ज करायचा. तो अर्ज सवडीने केला तरी चालेल.

एक विनंती. गाडी रस्त्यात अडकली आणि चावी आत राहिली, म्हणून काच फोडू नका. काच, तिचा रबर, आत पडलेले तुकडे आणि मजुरी मिळून चावीवाल्याच्या बिलाच्या कितीतरी पट होतात. चांगला कारागीर हवेची पिशवी दाराच्या फटीत फुगवतो आणि लांब दांडीने आतून लॉक उघडतो, काचेला ओरखडाही येत नाही. गाडी नवी असेल तर कंपनीची रस्त्यावरची मदतसेवा वॉरंटीत मिळत असते, विम्यातही ती बऱ्याचदा घेतलेली असते. पॉलिसीचं पान एकदा उघडून बघा. राष्ट्रीय महामार्गावर असाल तर १०३३. गाडी उचलून न्यायचीच असेल तर सपाट पाठीच्या क्रेनचा आग्रह धरा. चावीशिवाय स्टिअरिंग लॉक असतं, आणि पुढची चाकं जमिनीवर ठेवून ओढलं तर टायर आणि स्टिअरिंग दोन्हींचं नुकसान होतं.

एक चावी हातात असेल तर

ही सगळ्यात सोपी आणि स्वस्त अवस्था. नेमकं याच वेळी लोक दुसरी चावी करायला टाळाटाळ करतात, आणि उरलेली एक हरवली की खर्च दुप्पट-तिप्पट होतो. एक चावी हातात असताना नवं पातं तिच्यावरून कापता येतं. चिपची नक्कल करता येते किंवा गाडीच्या स्मृतीत नवी चिप नोंदवता येते.

यातला फरक नीट समजून घ्या. पहिल्या पद्धतीत नव्या चिपमध्ये जुन्या चिपचीच ओळख भरतात, याला क्लोन म्हणतात. गाडीला दोन्ही चाव्या एकच वाटतात. हे काम झटपट होतं आणि पैसेही कमी लागतात, पण गाडीच्या स्मृतीत काहीच बदलत नाही. हरवलेली चावी तशीच चालू राहते. दुसऱ्या पद्धतीत स्टिअरिंगखालच्या ओबीडी पोर्टला, म्हणजे गाडीचा संगणक वाचायच्या खाचेला, यंत्र जोडून गाडीच्या स्मृतीतल्या सगळ्या चाव्या पुसतात आणि हातात असलेल्या, म्हणजे जुनी एक व नवी एक, अशा पुन्हा नोंदवतात. या वेळी गाडीसमोर नसलेली प्रत्येक चावी बाद होते. चावी चोरीला गेली असेल तर दुसरी पद्धतच हवी. चावीवाल्याला सरळ सांगा : "जुन्या सगळ्या चाव्या इरेज करून दोन्ही नव्याने रजिस्टर करा." काम झाल्यावर यंत्राच्या पडद्यावर नोंदलेल्या चाव्यांची संख्या दिसते, ती स्वतः बघा आणि पडद्याचा फोटो काढून ठेवा.

अजून एक गोष्ट बऱ्याच ठिकाणी राहून जाते. अनेक गाड्यांत चिपची नोंद इमोबिलायझर किंवा ईसीएममध्ये असते आणि रिमोटची नोंद वेगळ्या, दारांची लॉक सांभाळणाऱ्या बॉडी कंट्रोलच्या डब्यात. चिप पुसली म्हणजे रिमोट पुसला असं होत नाही. चोराला गाडी सुरू करता आली नाही, तरी बटण दाबून दार उघडून आतला लॅपटॉप नेता येतो. रिमोटही वेगळा पुसायला सांगा.

एकही चावी नसेल तर

इथे काम वाढतं, पण अशक्य काही नसतं. आधी पातं तयार करावं लागतं. नव्या गाडीबरोबर चाव्यांच्या जुडग्याला धातूची किंवा प्लास्टिकची एक छोटी पट्टी येते, तिच्यावर 'की नंबर', म्हणजे चावीच्या खाचांचा क्रमांक असतो. तो नंबर असेल तर कोडवर चालणाऱ्या यंत्रावर पातं अचूक कापलं जातं. काही गाड्यांत हा नंबर दाराच्या लॉकवर कोरलेला असतो, दार खोलून वाचता येतो. नंबर नसेल तर कारागीर खास हत्यार लॉकमध्ये घालून प्रत्येक पत्तीची उंची मोजतो. जुन्या पद्धतीचा उस्ताद असेल तर खाचा नसलेली ब्लँक चावी लॉकमध्ये दाबून फिरवतो, पत्त्यांचे बारीक ठसे पडतात आणि त्या ठशांवर कानस मारत मारत चावी घडवतो. हातातली ती जाण यंत्राला येत नाही, अशा माणसाला त्याच्या कामाचे पैसे मनापासून द्यावेत.

त्यानंतर चिप. बऱ्याच गाड्यांत ओबीडीवरून गुप्त पिन वाचून नवी चावी नोंदवता येते. काही गाड्यांत पिन कंपनीकडून चेसिस नंबरवरून मिळवावा लागतो. काहींत इमोबिलायझरचा डबा काढून आतली स्मृतीची चिप वाचावी लागते. हे शेवटचं काम ज्याला नीट येतं त्याच्याकडूनच करून घ्या, कारण सोल्डरिंग बिघडलं तर मात्र खरोखरच नवा डबा घ्यावा लागेल. काम सुरू करण्याआधी त्याने जुन्या माहितीची प्रत काढून ठेवली का, एवढं विचारा. ज्याला हा प्रश्न विचित्र वाटतो त्याच्या हाती गाडी देऊ नका.

दरांचा अंदाज असावा म्हणून सांगतो. चिप नसलेलं साधं पातं शे-दोनशेत होतं. एक चावी हातात असताना साध्या हॅचबॅकची चिपवाली चावी बाहेरच्या कारागिराकडे हजार ते अडीच हजारांत व्हावी. एकही चावी नसेल तर तीन ते सहा हजार धरा. बटणवाल्या स्मार्ट चावीला त्याहून जास्त, कारण डबीच महाग असते. शहर, गाडी आणि रात्रीची वेळ यांप्रमाणे यात फरक पडतो. मर्सिडीज, बीएमडब्ल्यूसारख्या गाड्यांची चावी बऱ्याचदा चेसिस नंबरवर कंपनीकडून मागवावी लागते, तिथे हे गणित लागू नाही.

कारागीर निवडताना एक कसोटी ठेवा : तो आरसी आणि ओळखपत्र मागतो का? जो काहीच न विचारता चावी बनवून देतो, तो उद्या तुमच्या गाडीची चावी दुसऱ्या कुणालाही देईल. गाडीसमोर उभं राहून काम करून घ्या, चावी दुकानात ठेवून घरी जाऊ नका, आणि पिन कोड वाचला असेल तर तो तुमच्या वहीत लिहून घ्या.

लॉक : कधी बदलायचं आणि किती

आता मूळ प्रश्न. मोटारीच्या लॉकमध्ये पितळेच्या पातळ पत्त्या असतात. त्यांच्या मोजक्या तीन-चार वेगवेगळ्या उंच्या असतात आणि त्यांच्या क्रमावर चावी ठरते. लॉकचं बॅरल, म्हणजे चावी घातली की फिरणारा भाग, बाहेर काढून या पत्त्या वेगळ्या क्रमाने बसवल्या की तेच लॉक नव्या चावीचं होतं. जुनी चावी आत जाते, पण फिरत नाही. सामान जवळपास काहीच लागत नाही, फार तर एक-दोन पत्त्या आणि स्प्रिंगा. खर्च होतो तो मजुरीचा, त्यातही दाराचं आतलं कव्हर काढण्याचा. नव्या लॉकसेटच्या तुलनेत हा खर्च फारच कमी आहे. तरी याचं नाव कुणी काढत नाही, कारण यात सुटा भाग विकला जात नाही.

किती लॉकच्या पत्त्या बदलायच्या ते गाडीवर अवलंबून आहे. रिमोटच्या गाड्यांत बऱ्याचदा चावीचं भोक फक्त ड्रायव्हरच्या दाराला असतं. बटणावर सुरू होणाऱ्या गाडीत तर तेवढं एकच लॉक, तेही हँडलच्या झाकणाखाली लपलेलं. अशा गाडीत चिप आणि रिमोट पुसून त्या एका दाराच्या पत्त्या बदलल्या की हरवलेली चावी पूर्ण निरुपयोगी झाली. जुन्या गाड्यांत इग्निशन, दोन दारं, डिकी आणि पेट्रोलचं झाकण अशी लॉक असतात. चिप असलेल्या जुन्या गाडीत दोन दारं आणि डिकी पुरे. इग्निशन तसंच ठेवलं तरी चालतं, फक्त मग दाराला एक आणि सुरू करायला एक अशा दोन चाव्या बाळगाव्या लागतात. पैशांची ओढाताण असेल तर ही तडजोड करायला हरकत नाही.

बॅरल झिजून सैल झालं असेल, कुणी स्क्रू ड्रायव्हर घालून इग्निशन तोडलं असेल, किंवा चिप नसलेल्या जुन्या गाडीचा सगळा सेट बाजारात स्वस्त मिळत असेल, तेव्हा मात्र नवा लॉकसेट घ्यावा. मारुती ८०० किंवा जुन्या ऑल्टोसारख्या गाडीला पत्त्या बदलायच्या मजुरीत थोडीच भर घातली की बाहेरच्या कंपनीचा सेट येतो. पुण्यात नाना पेठ, मुंबईत ऑपेरा हाउसच्या भागात असे सेट सहज मिळतात. स्कूटर आणि मोटरसायकललाही नवा सेटच परवडतो, तिथे पत्त्यांच्या खटाटोपात पडू नका. कुर्ल्याच्या सीएसटी रोडसारख्या जुन्या सामानाच्या बाजारातून सेट घ्यायचा असेल तर बिल घ्या, आणि त्या सेटबरोबर त्याच्या दोन्ही चाव्या मिळत असतील तरच घ्या. एकच चावी मिळत असेल तर दुसरी कुठे आहे हे कुणालाच माहीत नसतं, आणि आपण जो धोका टाळायला निघालो तोच पैसे देऊन घरी आणतो. अशा सेटच्याही पत्त्या बदलून घेणं उत्तम.

चावी किंवा लॉक बदललं म्हणून आरटीओत काही नोंद करावी लागत नाही.

शोरूमला जायचं असेल तर

शोरूम टाळाच असं मी म्हणत नाही. गाडी वॉरंटीत असेल, मॉडेल अगदी नवं असेल, किंवा विम्यातून पैसे मिळणार असतील, तर तिथेच जा. पण अंदाजपत्रक लेखी मागा आणि प्रत्येक सुट्या भागाचा नंबर व दर वेगळा लिहून घ्या. मग विचारा : फक्त चावी मागवून नोंदवता येईल का? लॉकसेट का हवा? ईसीएम बदलायचं कारण काय? जुन्या चाव्या पुसल्या जातील का, आणि ते बिलावर लिहून द्याल का? एवढे प्रश्न विचारले की बऱ्याचदा सल्लागार वर्कशॉपमध्ये जाऊन येतो आणि आकडा खाली येतो. दोन सर्व्हिस सेंटरची उत्तरं वेगळी आली तर तिसरीकडे विचारा. नको असलेला भाग माथी मारला जातोय असं वाटलं तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५.

शेवरलेची विक्री आपल्याकडे २०१७ च्या शेवटी बंद झाली आणि फोर्डने २०२१ मध्ये इथलं उत्पादन थांबवत असल्याचं जाहीर केलं. अशा गाड्यांच्या मालकांनी तर एक चावी हरवायची वाट न बघता आत्ताच तिसरी करून ठेवावी.

विम्याचं काय

साध्या पॉलिसीत हरवलेली चावी येत नाही. त्यासाठी चावी बदलण्याचं वेगळं ॲड-ऑन असतं. ते असेल तर काम सुरू करण्याआधी कंपनीला कळवा, कारण आधी दुरुस्ती आणि मग कळवणं असा क्रम झाला की दावा अडतो. चोरीसाठी एफआयआरची प्रत मागतात.

ॲड-ऑन नसलं तरी हरवल्याची नोंद आणि नव्या चावीचं बिल जपून ठेवा. पुढे कधी गाडीच चोरीला गेली तर विमा कंपनी गाडीच्या दोन्ही मूळ चाव्या मागते. एक नसेल तर ती गाडीत राहिली होती का, कुणाला दिली होती का, अशी चौकशी सुरू होते आणि दावा महिनोन्महिने लोंबकळतो. दोन वर्षांपूर्वीची पोलिसांकडची नोंद आणि हरवलेल्या चावीची नोंद पुसून घेतल्याचं बिल तेव्हा दाखवता आलं तर प्रश्न मिटतो. आणि गाडी गेलीच तर पहिला फोन पोलिसांना. चोरीची फिर्याद ताबडतोब दिली असेल, तर विमा कंपनीला कळवायला उशीर झाला एवढ्याच कारणाने दावा नाकारता येणार नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २४ जानेवारी २०२० च्या निकालात सांगितलं आहे.

नवी चावी झाल्यावर येणाऱ्या अडचणी

इंजिन सुरू होऊन एक-दोन सेकंदांत बंद पडतं आणि चावीचं चिन्ह लुकलुकतं : चिप ओळखली जात नाही. रिंगला दुसऱ्या गाडीची चिपवाली चावी लटकत असेल तर ती काढून पुन्हा बघा. तरीही तसंच असेल तर नोंदणी अर्धवट झाली आहे.

चावीचं फाटलेलं कव्हर बदललं आणि गाडी सुरूच होईना : ही तक्रार फार येते. काही चाव्यांत चिप रिमोटच्या सर्किटवरच असते, पण अनेक चाव्यांत ती तांदळाच्या चार दाण्यांएवढा काळा तुकडा असते आणि जुन्या कव्हरच्या कोपऱ्यात चिकटवलेली असते. नव्या कव्हरमध्ये सर्किट बसवलं जातं आणि चिप जुन्या कव्हरबरोबर कचऱ्यात जाते. जुनं कव्हर फेकलं नसेल तर आत्ता जाऊन बघा, फुकटात काम होईल.

दार उघडतं पण इग्निशन फिरत नाही : काही गाड्यांत दाराच्या लॉकमध्ये पत्त्या कमी असतात, त्यामुळे थोडं चुकलेलं पातंही तिथे चालून जातं. झिजलेल्या चावीवरून नक्कल केली की झीजसुद्धा नकलेत उतरते. नक्कलेची नक्कल करू नका, त्याऐवजी 'की नंबर'वरून कापून घ्या. फिरत नाही म्हणून जोर लावला तर पातं आत मोडतं.

स्मार्ट चावी ओळखत नाही : आधी आतला सेल बदला, तो बऱ्याचदा सीआर २०३२ असतो. सेल नसेल तर डबीतलं पातं काढून दार उघडा आणि डबी स्टार्टच्या बटणाला टेकवून ब्रेक, आणि मॅन्युअल गाडीत क्लच, दाबून बटण दाबा. बऱ्याच गाड्या अशा सुरू होतात. काहींत डबी ठेवायची जागा वेगळी असते, ती मालकाच्या पुस्तिकेत दिलेली आहे.

पुन्हा ही वेळ येऊ नये म्हणून

की नंबरची पट्टी चावीच्या रिंगला लटकवलेली असेल तर आजच काढा आणि घरच्या कपाटात ठेवा. ज्याला चावी सापडेल त्याला नंबरही सापडू नये. नव्या गाडीच्या आनंदात चावीचा जवळून काढलेला फोटो कुठे टाकू नका, खाचा फोटोवरून वाचता येतात. चिप नसलेलं एक साधं पातं कापून घ्या आणि पाकिटात ठेवा. गाडी त्याने सुरू होणार नाही, पण चावी आत राहून दार लागलं तर ते शे-दोनशेचं पातं तुम्हाला सोडवेल. काही गाड्यांत असं उघडल्यावर अलार्म वाजतो, खरी चावी फिरवली की तो थांबतो.

जुनी गाडी घेणाऱ्यांनी तर हे व्यवहाराआधीच करावं. विकणारा एकच चावी देतो आणि "दुसरी कुठेतरी आहे, सापडली की देतो" म्हणतो. तिची वाट बघू नका. ओबीडीला यंत्र लावून नोंदलेल्या चाव्यांची संख्या बघा. हातात दोन आणि नोंद तीनची असेल तर तिसरी कुणाकडे तरी आहे. सगळ्या पुसून नव्याने नोंदवण्याचा आणि दाराच्या पत्त्या बदलण्याचा खर्च विचारून घ्या, आणि तेवढी रक्कम गाडीच्या किमतीतून वळती करूनच पैसे द्या.